अधिक जेठातला मंगळवार

अकोल्याच्या जुन्या शहरात वामन महाराजांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. आपल्याकडे वऱ्हाडात भटजीला महाराज म्हणतात, आणि हे तर तीन पिढ्यांचे महाराज. लग्न असो, मुंज असो, नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, वेळ काढून द्यायची ती त्यांनीच. पण सांगायचं आहे ते त्यांच्या बायकोबद्दल. गोदावरी तिचं नाव. या बाईने उभ्या संसारात नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. भर उन्हाळ्यात चार दिवस चिखलदऱ्याला जायचं, डोंगर पाहायचे, तलावाच्या काठी बसायचं, आणि त्या चार दिवसांत महाराजांनी कोणाचंही लग्न लावायचं नाही. सोनं नाही मागितलं, घर नाही मागितलं. एवढं साधं मागणं पुरं व्हायला तीस वर्षं लागली, आणि ते कसं पुरं झालं ते ऐकाल तर तुम्हीच कपाळाला हात लावाल.

तुम्ही म्हणाल, चिखलदरा काय विलायतेत आहे? अकोल्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचतो. बरोबर आहे तुमचं. पण भटजीच्या घरचा उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही. पाडवा झाला की लग्नाच्या तिथी सुरू होतात त्या थेट आषाढापर्यंत. एकेका दिवशी तीन तीन लग्नं. सकाळचं अकोटला, दुपारचं मूर्तिजापूरला, गोरज मुहूर्ताचं गावातच. बाहेर पंचेचाळीस डिग्री, मांडवाखाली होम पेटलेला, आणि महाराज घसा फोडून मंगलाष्टकं म्हणताहेत. घरी आले की आवाज बसलेला, पाय सुजलेले. गोदावरी ज्येष्ठमध द्यायची, कूलरमध्ये पाणी टाकायची, दुसऱ्या दिवसाचं सोवळं वाळत घालायची. नळ पाचव्या दिवशी यायचा, तोही तिनेच भरायचा. शेजारणी मुलांना घेऊन माहेरी जायच्या, थंड हवेला जायच्या, आणि ही इकडे दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नाच्या अक्षता निवडत बसायची.

सुटका एकाच वर्षी. ज्या वर्षी अधिक महिना वैशाखात नाहीतर जेठात येतो, त्या वर्षी. धोंड्याच्या महिन्यात लग्न लागत नाही. ऐन उन्हाळ्यात महिनाभर एकही मांडव नाही. पण असा अधिक जेठ आठ वर्षांनी येतो, नाहीतर अकरा वर्षांनी. ते गणित गोदावरीला पाठ होतं. महाराजांच्या पंचांगात पानोपानी पेन्सिलीने लग्नं टिपलेली असायची, गाव, घराणं, घटका. अधिक महिन्याचं पान तेवढं कोरं. त्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात महाराज बारीक अक्षरात लिहायचे, 'चिखलदरा'. लिहायचे मात्र दर वेळी, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

पहिला अधिक जेठ आला नव्व्याण्णव साली. तेव्हा स्वराली पोटात होती, सातवा लागला होता. सासूबाई म्हणाल्या, या अवस्थेत घाट चढायचा नाही. दुसरा आला दोन हजार सात साली, तेव्हा सासूबाईच मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दहा साली अधिक वैशाख आला, तर महाराजांनी कोणाला न विचारता भागवत सप्ताह घेऊन ठेवला होता. अठरा सालचा मात्र अगदी हातातोंडाशी आला. खोली ठरली, गाडी ठरली, गोदावरीने दशम्या करून डब्यात भरल्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी वाशिमचे चुलत सासरे गेले. दहा दिवसांचं सुतक, आणि ते फिटायच्या आत अधिक महिना सरणार. दशम्या शेजारी वाटून टाकल्या. त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन पोटभर रडली, आणि बाहेर येऊन म्हणाली, आता सव्वीस साल. महाराज म्हणाले, सव्वीस साली आभाळ कोसळलं तरी जायचं.

मधल्या आठ वर्षांत गोदावरीच्या डोळ्यांनी दगा दिला. सुरुवातीला दाराची चौकट खांद्याला लागायची, जिन्याची पायरी चुकायची. महाराज म्हणाले, उष्णता आहे. त्रिफळ्याचं पाणी झालं, गुलाबपाणी झालं, तळपायाला काशाची वाटी घासून झाली. त्यात वर्ष गेलं. शेवटी स्वरालीने हट्टाने तिला अमरावतीला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कळलं की काचबिंदू आहे. उजवा डोळा जवळजवळ गेलेलाच, डावा कडेकडेने मिटत आलेला. डॉक्टर भले होते. त्यांनी सरळ सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची, तीही जमेल तितकी. ऑपरेशन झालं, औषधाचे थेंब सुरू झाले. कसं दिसते म्हणून विचारलं तर गोदावरी सांगायची, बांगडीतून पाहिल्यासारखं. बांगडीत मावेल तेवढं दिसते, बाकी अंधार. पुढच्या वर्षी म्हणायला लागली, अंगठीतून. त्यानंतर तिने सांगणंच सोडलं, कारण ते ऐकलं की महाराज देवघरात जाऊन बसायचे आणि जेवायला उठायचे नाहीत.

स्वयंपाकघरात ओट्यासमोर भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, कुठल्याशा पतसंस्थेचं. साल केव्हाच सरलं होतं, पण वर चिखलदऱ्याचं चित्र होतं म्हणून तिने ते काढलं नव्हतं. हिरवेगार डोंगर, मधे काठोकाठ भरलेला निळा तलाव, पाण्यात डोंगर उलटे उमटलेले, वर ढग टेकलेले. पंधरा वर्षं ती त्या चित्राकडे पाहत पोळ्या लाटत आली. बांगडीतून पाहायची तेव्हा तलाव धरला की डोंगर सुटायचे, डोंगर धरले की तलाव सुटायचा. अंगठीत तर नुसतं पाणीच मावायचं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की सगळं मिटायच्या आधी एकदा खरं पाणी पाहून घ्यावं. तेवढं डोळ्यात ठेवलं की पुढचा अंधार काढता येईल, असं ती स्वरालीला फोनवर म्हणाली. स्वराली अमरावतीच्या कॉलेजात शिकवते. तिने फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं.

यंदा मार्चपासून बेत शिजायला लागला. स्वरालीने एक जुनी, छोटी गाडी घेतली. रोज संध्याकाळी मायलेकींचा फोन. पहाटे पाचला निघायचं, ऊन चढायच्या आत. दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा, आणि मग घाट. गर्दीच्या हॉटेलात उतरायचं नाही, तलावाच्या जवळ एक लहानसं घर मिळत होतं, तेच ठरवलं. पॉइंट-बिइंट काही पाहायचे नाहीत. एक तलाव, त्याच्या काठी बसायचं, बस. आईला बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी सेमाडोहपर्यंत जंगलातून एक चक्कर. महाराज तर लहान पोरासारखे खूष. घरच्या देवांची पूजा चुलतभावाकडे सोपवली. आयुष्यभर धोतरात वावरलेल्या माणसाने सहलीसाठी पायजमा शिवून घेतला, आणि तो घालून घरातल्या घरात दोनदा फिरून दाखवला. गोदावरीला पायजमा पुरता दिसला नाही, पण त्यांची चाल ऐकूनच तिला हसू आलं.

अधिक महिना रविवारी लागणार होता आणि मंगळवारी निघायचं होतं. स्वरालीने तीन दिवसांची रजा टाकली. शनिवारी संध्याकाळी महाराजांनी पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. मंगळवारी उत्तरेला दिशाशूल. त्या वारी त्या दिशेला निघायचं नसते, आणि अकोल्याहून चिखलदरा सरळ उत्तरेला. तीन महिने बेत चालला होता, आणि अख्ख्या गावाला वार सांगणाऱ्या या माणसाच्या ते आता लक्षात आलं! पोरीने रजेचा दिवस सांगितला आणि यांनी आनंदाच्या भरात मान हलवली होती, दुसरं काय.

स्वराली फोनवर चिडली. त्या रस्त्याने रोज शंभर गाड्या उत्तरेला जातात, त्यातल्या कोणाला काय होते, असं विचारू लागली. महाराज म्हणाले, जगाला शास्त्र सांगायचं आणि स्वतःच्या घरी गुंडाळून ठेवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. गोदावरी नवऱ्याच्या शास्त्रात कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"मंगळवारीच निघू. गूळ खाऊन निघू. लोकांना तुम्हीच सांगता ना, मंगळवारी उत्तरेला जायचं तर गूळ खाऊन निघा म्हणून?"

"ते अडलेल्यांसाठी असते, गोदा," महाराज म्हणाले. "कोणाचं कोर्ट असते, कोणाचा दवाखाना असतो. आपलं काय अडलं आहे? मंगळवारनंतर दोनच दिवसांनी गुरुवार आहे. गुरुवारी निघू."

आपलं काय अडलं आहे! गोदावरीच्या अगदी ओठांवर आलं होतं, की अंगठी केव्हाच गेली, आता सुईच्या नेढ्यातून दिसून राहिलं आहे, आणि ते नेढंही रोज बारीक होते आहे. पण सांगितलं असतं तर महाराज पुन्हा देवघरात जाऊन बसले असते. चिखलदरा राहिला असता बाजूला आणि गाडी निघाली असती नागपूरच्या दवाखान्याकडे. ती गप्प बसली. चुकलंच तिचं. पण तीस वर्षांची गप्प बसायची सवय एका संध्याकाळी कुठून मोडायची?

मंगळवार उजाडला. महाराज राजेश्वराच्या दर्शनाला निघाले आणि जाताना उंबऱ्यात वळून म्हणाले, येतो. गोदावरी त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "उपरण्यावर हळदीचा डाग आहे. डाव्या खांद्यावर. बदलून जा."

महाराजांनी पाहिलं तर खरंच होता, करंगळीच्या नखाएवढा. त्यांना कोण आनंद झाला. तुझी नजर सुधारून राहिली, त्रिफळ्याने उशिरा का होईना गुण दिला, असं म्हणत ते उपरणं बदलायला आत गेले. गोदावरी हसली. उन्हाची तिरीप नेमकी त्या डागावर पडली होती आणि तिचं नेढं नेमकं तिथे होतं, एवढंच. पण दिसलं होतं हे खरं. त्या दिवशी तलावाच्या काठी बसली असती तर नेढ्याएवढं का होईना, पाणी दिसलं असतं.

त्याच दुपारी दर्यापूरहून देवराव आले. शेती मोठी, माणूस सरळ, आणि महाराजांच्या आजोबांपासूनचं यजमानपण. त्यांच्या आई पार्बताबाई पंच्याऐंशीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. म्हातारीचा नवस होता, की अधिक महिन्यात अकरा दिवसांचं पारायण करायचं आणि शेवटी तेहतीस जोडपी मेहुण म्हणून जेऊ घालायची. सगळी तयारी झाली होती, पण ठरलेले महाराज ऐन वेळी आजारी पडले, आणि गुरुवारी बसायचं होतं.

"महाराज, तुमी नाही म्हणसान त मी कोणाकडे जाऊ?" देवराव हात जोडून म्हणाले. "मायचा जीव त्यातच अडकून राह्यला."

महाराजांनी गोदावरीकडे पाहिलं. तिला ते पाहणं दिसलं नाही, पण कळलं. तीस वर्षांच्या संसारात तेवढं कळतेच. ती म्हणाली, म्हाताऱ्या बाईचं आधी करा, चिखलदरा काय पळून चालला आहे का? आणि आत जाऊन पाटावर बसली, पदर तोंडात धरला. राग देवरावांचा नव्हता आणि बिचाऱ्या पार्बताबाईंचा तर नव्हताच. जी जीभ नेमकी नको तेव्हा चांगुलपणा करते त्या जिभेचा तिला राग आला होता.

पारायण संपलं की लगेच निघू म्हणावं, तर स्वरालीला पेपर तपासायला बसवलेलं. शेवटी दिवस ठरला चार जूनचा. तोही गुरुवारच. महाराजांनी पंचांगात नीट पाहून घेतलं, कुठेही काही आडवं येत नव्हतं.

पारायणाचे दिवस सुरू झाले. महाराज पहाटेच्या बसने दर्यापूरला जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. मधेच नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, आणि रस्त्याचं डांबर चपलांना चिकटायला लागलं. नवव्या दिवशी सकाळी, महाराज गेल्यावर, गोदावरी देवापुढे दिवा लावायला बसली. काडी ओढली, आवाज आला, वास आला, वातीला लावली, पण ज्योत दिसली नाही. तिला वाटलं विझली. दुसरी ओढली, ती वातीला लावायला गेली आणि बोट चटकलं. वात आधीच पेटलेली होती.

 ती उठून चाचपत अंगणात गेली आणि सूर्याकडे तोंड करून उभी राहिली. तोंडाला ऊन लागलं, बाकी काही नाही. परत येऊन तिने ओट्यासमोरच्या कॅलेंडरवर तळहात ठेवला. गुळगुळीत कागद हाताला लागला. मग मात्र तिला रडू आवरेना. घरात कोणी नव्हतं म्हणून ती मोठ्याने रडली, लहानपणी रडायची तशी.

डोळे पुसून झाल्यावर तिने विचार केला. डॉक्टरांचे शब्द तिला पाठ होते, गेलेलं परत येत नाही. तेव्हा आज सांगितलं काय आणि आठ दिवसांनी सांगितलं काय, डोळ्यांना फरक पडणार नव्हता. फरक पडणार होता तो महाराजांना. वार आणि घटका पाहण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी पहिल्यांदा हेच पाहिलं असतं, की मंगळवारी डाग दिसत होता आणि पुढच्या आठवड्यात दिवा दिसला नाही. तो मंगळवार त्यांनी मरेपर्यंत उगाळला असता. आपला अंधार आपण काढू, पण यांच्या डोक्यात तो कशाला घालायचा, असं तिने ठरवलं. स्वरालीलाही फोन केला नाही.

घर तिच्या हातापायांत बसलेलं होतं. कुठे मडकं, कुठे पाट, देवघर किती पावलांवर, हे तिला डोळ्यांवाचून येत होतं. वरणात एकदा मीठ दोनदा पडलं. महाराजांनी वरून तांब्याभर पाणी पिऊन ते निमूट संपवलं. दमलेले होते, घसा बसलेला होता, पण चित्त प्रसन्न. तेहतीस मेहुण पंगतीला बसलेले पाहून पार्बताबाईंनी उशीवरून हात जोडले, हे त्यांनी दोनदा सांगितलं. गोदावरी म्हणाली, पुण्याचं काम झालं. ते तिने मनापासूनच म्हटलं.

बुधवारी स्वराली गाडी घेऊन आली. आल्या आल्या तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नजर कशी आहे म्हणून विचारलं. गोदावरी म्हणाली, तशीच आहे गं, अंगठीएवढी. गुरुवारी पहाटे महाराजांनी बायकोच्या तळहातावर दही ठेवलं, सगळ्यांच्या खिशात उन्हासाठी एकेक कांदा टाकला, आणि नव्या पायजम्यात मागच्या सीटवर पन्ह्याची बरणी मांडीवर घेऊन बसले. पुढे गोदावरी, शेजारी गाडी चालवणारी लेक. दर्यापूर गेलं, अंजनगाव गेलं, परतवाड्याला चहा झाला. महाराज मागून गावांची नावं सांगत होते आणि ती खिडकीकडे तोंड करून हो हो म्हणत होती.

मग घाट लागला. गाडी वळणावर कलायला लागली, कानात दडे बसले, आणि खिडकीतून थंड वारा आला. अकोल्याचा उन्हाळा अंगावर तीस वर्षं झेललेल्या त्या बाईच्या तोंडावर जूनच्या तोंडाला थंड वारा आला.  पण फार वेळ गप्प बसलं तर यांना संशय येईल, काहीतरी बोलायला हवं, असं तिला वाटलं, आणि डोळ्यांपुढे होतं ते एकच, भिंतीवरचं चित्र.

"किती हिरवं आहे, नाही हो?" ती म्हणाली.

 स्वरालीने गिअर बदलला. मग मागून महाराज म्हणाले, "हो. फार हिरवं आहे."

गोदावरीचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर महाराजांनी गावांची नावं सांगणं बंद केलं, ते घसा बसल्यामुळे असेल असं तिला वाटलं.

दुपारी त्या लहानशा घरात जेवणं झाली. स्वरालीने रबडी आणली, तिथली रबडी नावाजलेली. गोदावरीने दोन वाट्या खाल्ल्या आणि घरून आणलेल्या दशम्या मात्र कोणाला गेल्या नाहीत. स्वराली सारखी कशाकशाला उठून बाहेर जात होती. उन्हं उतरली तशी महाराज म्हणाले, चल गोदा, तलावावर. आणि त्यांनी तिचा हात धरला. लग्नात धरला होता तेवढाच, त्यानंतर चारचौघांत त्यांनी कधी तिचा हात धरलेला नव्हता. स्वराली मागे दगडी काठावरच थांबली.

"काठोकाठ भरला आहे बघ," महाराज चालता चालता सांगू लागले. "पाणी निळं आहे. चारी बाजूंनी डोंगर आहेत, हिरवेगार. पाण्यात उलटे उमटले आहेत. आणि वर ढग टेकले आहेत."

गोदावरी ऐकत होती आणि पावलं मोजत होती. आता तिला पावलं मोजायची सवय लागली होती. दगडी काठ सोडून वीस पावलं झाली. पायाखाली कडक ढेकळं लागली. एका भेगेत चप्पल अडकली, महाराजांनी वाकून ती सोडवली. वाळलेलं गवत कुरकुरलं, शेणाचा वास आला. साठ पावलं झाली. शंभर झाली. सव्वाशेव्या पावलावर माती मऊ लागली आणि मग कुठे चपलेच्या टोकाला पाणी लागलं. तिने खाली बसून हात घातला. पाणी कोमट होतं, मनगटाएवढंही खोल नव्हतं.

काठोकाठ भरलेल्या तलावाचं पाणी काठापासून सव्वाशे पावलांवर नसते, हे कळायला डोळे लागत नाहीत. तलाव आटलेला होता. तलाव आटलेला, म्हणजे डोंगरही हिरवे कुठले असणार? जूनच्या तोंडाला सागाला एक पान नसते, सगळं रान करड्या काड्यांचं. भिंतीवरचं चित्र पावसाळ्यातलं होतं, आणि ती बया ते उन्हाळ्यात शोधायला निघाली होती. आणि महाराज आता जे सांगत होते ते त्याच चित्रातलं होतं, ओळीने, जसंच्या तसं. यजमान कितीही मोठा असला तरी मुहूर्त दोन मिनिटं मागेपुढे न करणारा हा माणूस. त्याने घाटात खोटं सांगितलं, आणि इथेही तो खोटंच सांगत होता. म्हणजे घाटातच त्याला सगळं कळलं होतं.

महाराज तिच्या शेजारी चिखलात बसले, नव्या पायजम्यानिशी.  मग त्यांनी विचारलं.

"गोदा, मंगळवारी निघालो असतो, तर दिसलं असतं का तुला?"

पाण्यातला हात तिने तसाच ठेवला. पलीकडे कुठेतरी म्हशी पाण्याला आल्या होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"नाही हो," ती म्हणाली. "ते त्याच्या आधीच गेलं होतं सगळं. मंगळवारी निघालो असतो तरी काही दिसलं नसतं."

"खरं सांगतेस?"

"खरं."

 मंगळवारी सकाळी उंबऱ्यात तिनेच त्यांच्या उपरण्यावरचा हळदीचा डाग दाखवला होता. करंगळीच्या नखाएवढा, डाव्या खांद्यावरचा. ते महाराजांना आठवत होतं, आणि त्यांना आठवत आहे हे तिला ठाऊक होतं. तिने ओला हात पदराला पुसला, चाचपत त्यांचा हात शोधला आणि त्यावर ठेवला.

"ढग सांगा ना अजून," ती म्हणाली.

आणि वर कोरं आभाळ असताना महाराज बसल्या आवाजात ढग सांगू लागले.